दोन दरवाजांमधली गंगा

दिवाळीच्या तोंडावर नांदेडच्या नगिनाघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर घागरी दिसू लागतात. कुणाच्या खांद्यावर पितळेची, कुणाच्या कडेवर स्टीलची. त्यात म्हातारी माणसं असतात, कॉलेजची पोरं असतात, पंजाबातून खास या दिवसासाठी आलेली कुटुंबंही असतात. पायऱ्या उतरायच्या, घागर बुडवायची, काठोकाठ भरली की उचलायची आणि ओल्या पावलांनी सचखंड गुरुद्वाऱ्याकडे परतायचं. याला तख्त स्नान म्हणतात. वर्षातून एकदा तख्तसाहिब धुतलं जातं, गुरू गोविंदसिंगांची जपून ठेवलेली शस्त्रं बाहेर काढून साफ केली जातात, आणि त्यासाठी पाणी लागतं ते गोदावरीचंच.

हा झाला वर्षाचा सोहळा. रोजचाही एक शिरस्ता आहे. शहर गाढ झोपेत असताना ‘घागरिया सिंघ’ या नावानं ओळखला जाणारा सेवेकरी नदीवर जातो आणि घागर भरून आणतो. त्या पाण्यानं तख्ताची पहाटेची सेवा होते. पाऊस असो की मे महिना, खाडा नाही.

काठावरची माणसं या नदीला सहसा गोदावरी म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी ती गंगा. ‘गंगेला पाणी आलं का?’ असं विचारतात. नदीकाठची काळी पट्टी ती गंगथडी, आणि वरच्या अंगाचं जनाबाईचं गाव ते गंगाखेड. घागरीतलं पाणी कुठून येतं, हे एके काळी कुणाला विचारावं लागत नसे. आता विचारावं लागतं. शहराच्या वर विष्णुपुरी धरणाचे १८ दरवाजे आहेत आणि खाली तेलंगणाच्या वेशीजवळ बाभळी बंधाऱ्याचे १४. नांदेडची गंगा या दोन रांगांच्या मधे सापडली आहे.

नावातला काठ

नांदेड म्हणजे नंदीतट, शिवाच्या नंदीनं जिथं तप केलं तो काठ, अशी लोकांमधली व्युत्पत्ती. कथा बाजूला ठेवली, तरी नाव जुनं आहे हे नक्की. वाशिमला १९३९ मध्ये वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. चौथ्या शतकातल्या या दानपत्रात ‘नंदीकड’ नावाच्या प्रदेशाच्या उत्तर मार्गावरचं एक गाव दान दिल्याची नोंद आहे. नंदीकड म्हणजेच आजचं नांदेड, असं अभ्यासक मानतात. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीही हे नुसतं गाव नव्हतं. आसपासचा मुलूख त्याच्या नावानं ओळखला जात होता.

असं का झालं, ते नकाशा उलगडला की कळतं. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगवलेली गोदावरी नाशिक, पैठण, गंगाखेड करत पूर्वेला सरकते. परभणी जिल्ह्यात तिला पूर्णा मिळते आणि पात्र ऐसपैस होतं. नांदेडपाशी उत्तरेकडून आसना येऊन मिळते. पुढं धर्माबाद ओलांडलं की तेलंगण. १,४६५ किलोमीटरच्या या प्रवासात मराठी मुलखातलं गोदाकाठचं शेवटचं मोठं शहर म्हणजे नांदेड.

इथं जमीनही कूस बदलते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या काळ्या बेसाल्टवर उभा आहे, तो या बाजूला पातळ होत संपतो. देगलूर-बिलोलीकडे निघालं की रानात ग्रॅनाइटचे गोलसर धोंडे दिसू लागतात, थेट तेलंगणात दिसतात तसे. खडकासोबत बोलीही बदलत जाते. देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच ओट्यावर ऐकू येतात. किनवटकडे गेलं की गोरमाटी आणि गोंडीही कानावर पडते. उत्तरेला माहूर आणि पैनगंगा, दक्षिणेला कंधारचा राष्ट्रकूटकालीन वारसा, पूर्वेला निजामाबाद. या सगळ्या वाटा जिथं नदी ओलांडायच्या, तिथं हे शहर वसलं.

शेजारच्या लातूरची गोष्ट नेमकी उलटी. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लट्टलूर’ या श्रेष्ठ नगरीचे अधिपती म्हणवत. ते लट्टलूर म्हणजे लातूर असं मानलं जातं. बिरुद राजाचं मिळालं, पण मोठी नदी दाराशी आली नाही. लातूर बालाघाटच्या पठारावर आहे आणि मांजरा शहरापासून अंतर राखून वाहते. बीड जिल्ह्यात उगवलेली ही नदी लातूरच्या शिवारातून कर्नाटकात बिदरकडे उतरते, तेलंगणात शिरते, तिथं तोंड फिरवून उत्तरेला वळते आणि सुमारे सातशे किलोमीटरचा वळसा घालून कंदकुर्तीला गोदावरीत पडते. म्हणजे लातूरचं पाणी तीन राज्यं हिंडून नांदेडच्या वेशीवर येतं, तेही गोदावरी महाराष्ट्र सोडते तिथं.

तीन बाजूंनी पाणी

जुनं नांदेड नदीच्या उत्तर काठावर आहे. होळी, चौफाळा, ब्रह्मपुरी, गाडीपुरा, सराफा, इतवारा ही त्याची जुनी नावं. नदीच्या वळणात नंदगिरीचा किल्ला आहे. डोंगरी किल्ल्यांच्या सवयीनं पाहायला गेलेला माणूस इथं बुचकळ्यात पडतो. ना कडा, ना चढ. या किल्ल्याचं संरक्षण म्हणजे तीन बाजूंनी वेढणारं पाणी. पुढं निजामाच्या अमदानीत याच आवारात शहराच्या पाणीपुरवठ्याची टाकी उभी राहिली. ज्या नदीनं शत्रूला अडवायचं, तीच पुढं नळाला पाणी देऊ लागली.

अशी जागा निवडणारे लोक जगात इतरत्रही झाले. नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम घ्या. परंपरेनुसार ९९७ साली राजा ओलाफ ट्रिग्वासन यानं निडेल्वा नदीच्या वेढ्यात ते वसवलं. तिथंही जुन्या शहराला नदीनं जवळजवळ कवेत घेतलंय, आणि नावही नदीवरूनच पडलं : निडारोस, म्हणजे निड नदीचं मुख. १०३० मध्ये लढाईत पडलेल्या दुसऱ्या ओलाफ राजाला लोकांनी संत मानलं. त्याच्या थडग्यावर कॅथेड्रल उभं राहिलं आणि उत्तर युरोपातून यात्रेकरू पायी येऊ लागले. १६८१ च्या आगीत लाकडी शहर भस्मसात झालं, तेव्हा रुंद रस्त्यांचा नवा आराखडा आखला गेला आणि टेकडीवर किल्ला चढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नदीच्या धबधब्यांवर वीजघरं बसली आणि तिचं वाहणं यंत्राच्या हिशेबात आलं. वळणातलं शहर, लढवय्या संताचं तीर्थ, यात्रा, किल्ला आणि शेवटी बांध : नांदेडकरानं ही यादी वाचली तर त्याला ती ओळखीची वाटेल. फरक एवढाच, की निडेल्वा तळ्यातून निघून तीसेक किलोमीटरमध्ये समुद्राला मिळते आणि सगळा मामला एकाच देशात मिटतो. गोदावरीच्या पाण्याला वाटेकरी फार.

१७०८ चा पावसाळा

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर तख्तावर बसलेला बहादूरशाह १७०८ साली आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून हैदराबादकडे निघाला होता. बऱ्हाणपूरकडून दक्षिणेला उतरणारी ही वाट नांदेडशी गोदावरीला येऊन मिळते. बादशहाच्या लवाजम्यासोबत गुरू गोविंदसिंगही आले. बादशहा पुढं गेला. गुरू नांदेडलाच राहिले.

त्यांच्या मुक्कामाच्या दिवसांचा नकाशा अजून शहराच्या अंगावर आहे : नगिनाघाट, बंदाघाट, हिराघाट, शिकारघाट, माळटेकडी, संगतसाहिब. हिराघाटाची कथा अशी सांगतात की, बादशहानं भेट दिलेला मौल्यवान हिरा गुरूंनी सरळ नदीत टाकला. बादशहाला ते लागलं. तेव्हा गुरूंनी त्याला पाण्यात वाकून बघायला सांगितलं, आणि तळाशी त्याला हिऱ्यांच्या राशी दिसल्या. कथा भाविकांची आहे, पण तिच्यात बादशहापेक्षा श्रीमंत ठरते ती नदी.

बंदाघाटाची गोष्ट मात्र इतिहासाची आहे. राजौरीकडचा माधोदास नावाचा बैरागी गोदेच्या काठी मठ करून राहत होता. सप्टेंबर १७०८ मध्ये त्याची गुरूंशी गाठ पडली आणि तो शीख झाला. बंदासिंग बहादूर म्हणून तो पंजाबात गेला आणि मे १७१० मध्ये त्यानं सरहिंद घेतलं. पंजाबच्या राजकारणाला कलाटणी देणारा माणूस घडला तो मराठवाड्यातल्या एका घाटावर.

माधोदासाच्या भेटीच्याच सुमारास गुरूंवर पठाण मारेकऱ्यांनी हल्ला केला. जखम भरत आली होती, पण पुन्हा उलटली. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी त्यांनी देह ठेवला. यापुढं देहधारी गुरू नाही, ग्रंथसाहिब हाच गुरू, हा निर्णय त्यांनी इथंच दिला. म्हणून शिखांच्या पाच तख्तांपैकी एक नांदेडला आहे. आजची सचखंडची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंगांच्या पुढाकारानं १८३२ ते १८३७ या काळात बांधली गेली. त्या वेळी नांदेड निजामाच्या राज्यात होतं आणि रणजितसिंगांचं राज्य होतं सतलजच्या पलीकडं.

या तीनशे वर्षांत इथं रुजलेल्या दखनी शिखांची मराठी अस्सल नांदेडी आहे. त्यात दखनीची फोडणी आणि पंजाबीचा हेल. दसऱ्याच्या हल्लाबोल मिरवणुकीला निळ्या-केशरी पगड्यांची जी लाट उसळते, ती पाहायला अख्खं शहर छपरांवर चढतं.

आगगाडी, भोंगा आणि कॉलेज

काठावरच्या गावाला पंडितांची परंपरा असते, तशी नांदेडलाही होती. संस्कृत व्याकरणात नाव मिळवलेलं शेष घराणं मूळचं इथलं मानतात. ‘यथार्थदीपिका’कार वामनपंडित याच कुळातले.

विसाव्या शतकाच्या तोंडावर हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडपर्यंत पोचला आणि नांदेडचा माल नदीऐवजी रुळांवरून जाऊ लागला. माल म्हणजे मुख्यतः कापूस. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानाच्या नावानं उस्मानशाही मिल उभी राहिली आणि शहराचं घड्याळ तिच्या भोंग्यावर चालू लागलं. मिल आता बंद आहे. इथल्या कापूस संशोधन केंद्रानं दिलेलं ‘एनएचएच ४४’ हे संकरित वाण मात्र मराठवाडा-विदर्भाच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोंडी बरीच वर्षं राहिलं. तो त्याला साधं ‘नांदेड चव्वेचाळीस’ म्हणे. आज नांदेड हे रेल्वे विभागाचं ठाणं आहे. इथून अमृतसरला जाणाऱ्या सचखंड एक्सप्रेसला वाटेतल्या स्थानकांवर लंगर मिळतो. जुने प्रवासी ताट-वाटी सोबत घेऊनच चढतात.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनं निजामी राजवट संपली. स्वातंत्र्यसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी मग शाळा-कॉलेजं हाती घेतली. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. नरहर कुरुंदकर याच कॉलेजात शिकवत, आणि १९८२ मध्ये गेले तेव्हा तिथंच प्राचार्य होते. पुण्या-मुंबईची माणसं त्यांच्या भेटीला नांदेडची गाडी पकडत, यातच काय ते आलं.

नंतर शहरानं नदी ओलांडली. दक्षिण काठावर सिडकोनं नवं नांदेड वसवलं. विष्णुपुरीच्या माळावर १९८१ मध्ये गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आलं आणि १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिदिनाचा मुहूर्त साधून, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. १९९७ मध्ये नांदेड-वाघाळा महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेपाच लाखांवर गेली होती. शहर वाढत गेलं तसतशी नदी त्याच्या मधोमध आली.

पाण्याची वाटणी

नदीचं वाहणं बदललं ते पैठणपासून. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी जायकवाडीची कोनशिला बसवली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते धरणाचं लोकार्पण झालं. या धरणाशी जोडलं गेलेलं नाव शंकरराव चव्हाणांचं. जन्म पैठणचा, राजकारण नांदेडचं. नगराध्यक्षपदापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत गेलेला माणूस. शिस्तीमुळं त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. विष्णुपुरीच्या प्रकल्पालाही आज त्यांचंच नाव आहे. इथं साठा तसा बेताचा, सुमारे ८१ दशलक्ष घनमीटर. पण पंपांनी पाणी उचलून लोहा-कंधारच्या चढावरच्या रानात नेण्याची ही योजना आहे. शिवाय नांदेडचं पिण्याचं पाणीही याच साठ्यातून येतं. मार्च उजाडला की जिल्हा प्रशासन आणि शेतकरी यांची पळापळ सुरू होते. जलाशयाच्या कडेला मोटारी टाकलेल्या, वर ऊस उभा, आणि वीज तोडायला निघालेली पथकं. दोघांनाही पाणी हवं असतं आणि दोघांचंही म्हणणं खोटं नसतं.

वाटणीचा कागद १९७५ चा आहे. महाराष्ट्र आणि तेव्हाच्या, तेलंगणासकटच्या आंध्रात झालेल्या कराराप्रमाणं, गोदावरीवर पैठणच्या खाली, पूर्णेवर सिद्धेश्वरच्या खाली आणि मांजरेवर निजामसागरच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राला ६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी वापरता येतं. १९८० च्या गोदावरी पाणीतंटा लवादानं त्यावर शिक्का मारला. पुढं या ६० टीएमसीतलं पाणी अडवायला नदीवर उच्च पातळी बंधाऱ्यांची माळ उभी राहिली : ढालेगाव, मुदगल, मुळी, दिग्रस, अंतेश्वर, आमदुरा, बळेगाव. माळेतला शेवटचा मणी बाभळी, धर्माबाद तालुक्यातला. गंमत, किंवा अडचण, अशी की हा बंधारा बांधला गेला तो पोचमपाड म्हणजे श्रीरामसागर धरणाच्या फुगवट्यात. आंध्रचं म्हणणं, आमच्या धरणात बांधलात. महाराष्ट्राचं म्हणणं, आमच्या हद्दीत, आमच्या वाट्याचं पाणी.

जुलै २०१० मध्ये आंध्रचे नेते चंद्राबाबू नायडू आमदारांना घेऊन बंधाऱ्यावर निघाले, तेव्हा पोलिसांनी त्यांना धर्माबादजवळ अडवून अटक केली. नेतेमंडळींना ठेवायला तालुक्याच्या गावी जागा कुठली? तिथल्या आयटीआयच्या इमारतीत त्यांना ठेवलं. २०१८ मध्ये याच प्रकरणात धर्माबादच्या न्यायालयानं त्यांच्यावर वॉरंट काढलं, तेव्हा देशभरच्या वाहिन्यांना हे गाव नकाशावर पुन्हा शोधावं लागलं.

सर्वोच्च न्यायालयानं २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल दिला. बंधारा राहील, २.७४ टीएमसी पाणी महाराष्ट्र वापरील. पण १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर राहतील आणि दर वर्षी १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावं लागेल. देखरेखीला त्रिसदस्य समिती.

तेव्हापासून दर १ जुलैला बाभळीवर एक छोटा समारंभ होतो, पण त्याला ढोलताशे नसतात. महाराष्ट्राचे आणि आता तेलंगणाचे अभियंते, शिवाय केंद्रीय जल आयोगाचे अधिकारी जमतात. पातळी मोजली जाते, कागदावर सह्या होतात. मग एकेक करत चौदाही दरवाजे वर जातात आणि उन्हाळाभर राखलेलं उरलंसुरलं पाणी खाली निघतं. काठावरचा शेतकरी ते बघत उभा असतो. जुलैत पेरणी होऊन पावसानं डोळे वटारलेले असले, तरी दरवाजे उघडायचेच. ऑक्टोबरअखेर ते बंद होतात तेव्हा पावसाळा उरकलेला असतो आणि परतीच्या पावसानं नदीत सोडलं असेल तेवढंच पाणी हाती लागतं. पंचांगातलं मृग नक्षत्र चुकलं तर चुकू दे, ही तारीख चुकत नाही.

फुगवटा आणि टंचाई

पुराच्या दिवसांत हिशेब उलटा होतो. वरून जायकवाडी आणि पूर्णेचं पाणी येतं, विष्णुपुरीचे दरवाजे उघडावे लागतात. खाली श्रीरामसागर तुडुंब असेल, तर पाण्याला पुढं सरकायला जागाच उरत नाही. धर्माबाद, बिलोली, उमरीच्या शिवारात पाणी पसरतं आणि सोयाबीन उभ्या जागी कुजतं. गंगेला मिळणाऱ्या ओढ्या-नाल्यांचं पाणी उलटं फिरतं. शहरात गंगाचाळ, खडकपुरा, नावघाट या सखल वस्त्या आधी रिकाम्या होतात. २००६ च्या पावसाळ्यातला पूर इथल्या लोकांच्या अजून लक्षात आहे. पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, ते बोटानं दाखवतात.

याच मराठवाड्यात, नांदेडहून दोन-तीन तासांच्या अंतरावर, एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणी आगगाडीनं आणावं लागलं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा पल्ला मारून १२ एप्रिलला लातूरला पोचली. पहिल्या फेरीत दहा टाक्या, पाच लाख लिटर. पुढं पन्नास टाक्यांची गाडी लागली. कृष्णेच्या खोऱ्यातलं पाणी गोदावरीच्या खोऱ्यात आलं ते असं, रुळांवरून. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मांजरेला पूर आला.

घाटाच्या पायऱ्या

२००८ हे गुरू-ता-गद्दीचं, म्हणजे ग्रंथसाहिबाला गुरुपद दिल्याचं, तीनशेवं वर्ष. त्यासाठी केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेतून नांदेडला मोठा निधी आला. गुरुद्वाऱ्याभोवतालच्या गल्ल्या रुंद झाल्या, पूल आणि रस्ते झाले, घाट दगडात बांधून निघाले. ज्या शहरानं नदीकडं पाठ करून घरं बांधली होती, त्यानं निदान दर्शनी भागात तोंड वळवलं. संध्याकाळी बंदाघाटावर आता लोक फिरायला येतात. भेळेच्या गाड्या लागतात.

पायऱ्यांच्या खालचं चित्र तेवढं देखणं नाही. शहरातले नाले नदीतच उतरतात. पाणी थांबलं की जलपर्णी पसरते आणि भोयांची जाळी त्यात अडकतात. पात्रातल्या वाळूसाठी रात्री तराफे चालतात. महसूलची पथकं ते जप्त करून जाळतात, आठवड्याभरात नवे येतात. पात्र खोल होतं, पण पाणी वाढत नाही.

दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यावर येते, कधी नोव्हेंबरात सरकते. बाभळीचे दरवाजे मात्र २९ ऑक्टोबरलाच खाली येतात. त्यामुळं तख्त स्नानाच्या दिवशी काही वर्षी ते वर असतात, काही वर्षी खाली आलेले. नगिनाघाटाच्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाला त्यातलं काही दिसत नाही. तो वाकतो, जलपर्णी हातानं बाजूला सारतो, घागर तिरकी धरतो. बुडबुडे थांबेपर्यंत वाट बघतो. मग दोघं मिळून ती खांद्यावर चढवतात आणि गर्दीतून वाट काढत सचखंडाकडे निघतात.